जेवणात काय आहे ते सांगणारा खिशातला स्कॅनर: दाण्याची ॲलर्जी असलेल्या पोरासाठी घ्यावा का?

रेवा_धुळे
नमस्कार मंडळी. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तपासणी झालीय, डॉक्टरांनी दाणे पूर्ण बंद सांगितलेत. माझे दीर पुढच्या महिन्यात जर्मनीहून येतायत. ते म्हणाले वहिनी, हातात मावेल असा फूड स्कॅनर मिळतो, ताटातल्या पदार्थावर धरायचा, बटण दाबायचं, मोबाइलवर फॅट प्रोटीन साखर सगळं दिसतं, आणू का. किंमत कमी नाहीये म्हणून आधी इथे विचारते.
खान्देशात राहून दाणे टाळायचे म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भाजीत कूट, चटणीत कूट, भरतात आख्खे दाणे, खिचडीवर कच्चं तेल घेतात तेही दाण्याचंच. घरात मी सांभाळते हो, पण लग्नाची पंगत, शाळेत दुसऱ्याचा डबा, उन्हाळ्यात मामाचं गाव, तिथे काय करू? असं मशीन कोणी वापरलंय का? खरंच दाणे ओळखतं का?

भो_जळगावकर
ताई, लग्नात मशीन घेऊन भाजीच्या पातेल्याशी उभ्या राहिलात तर आचारी झारा घेऊन मागे लागेल 😄 पण प्रश्न महत्त्वाचा आहे, जाणकार येतीलच. मी बसलो बाकावर.

तपासणीवाला
रेवाताई, मी अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, थोडं लांब लिहितो पण वाचा.

ही बहुतेक मशीनं चालतात नियर इन्फ्रारेडवर, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. टीव्हीच्या रिमोटमध्ये जो असतो तो याच जातीचा. मशीन तो प्रकाश पदार्थावर टाकतं, पदार्थ त्यातला काही शोषतो, काही परत फेकतो. पाणी वेगळा भाग शोषतं, तेल वेगळा, प्रोटीन वेगळा. परत आलेल्या प्रकाशाचा आलेख मशीन आपल्या साठ्यातल्या हजारो आलेखांशी ताडून बघतं आणि अंदाज देतं की पाणी इतकं, फॅट इतकं. म्हणजे मशीन तुमच्या वाटीतलं मोजत नाही, आधी लॅबमध्ये मोजलेल्या नमुन्यांशी जुळवून सांगतं. साठ्यात डच चीज असेल आणि तुम्ही त्यावर कळण्याची भाकरी धरलीत तर आकडा येईल, पण त्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरं, हा प्रकाश पदार्थात काही मिलिमीटरच जातो. आणि तिसरं, जे तुमच्या कामाचं आहे: ही पद्धत जे भरपूर आहे ते ओळखते. शेकड्यात एक भाग किंवा त्याहून कमी असलेली गोष्ट पकडणं तिला फार अवघड, छोट्या खिशातल्या मशीनला तर जास्तच. ॲलर्जीचा सगळा खेळ त्याच्या कितीतरी खाली चालतो. दाण्यासाठी म्हणून घेऊ नका.

तापीकाठ
माझ्या मेव्हण्याने असलं एक आणलं होतं परदेशातून, कंपनीचं नाव घेत नाही. दिवाळीत सगळे जमलो तेव्हा दिवसभर तेच चाललेलं. सफरचंदावर धरलं, गोडी बरोबर वाटली. पनीरवर धरलं, पाकिटावरच्या आकड्याच्या जवळपास आलं. मग रात्री शेवभाजी. आमच्याकडे तर्री म्हणजे बोटभर असते, काळा मसाला आणि तेल वर तरंगतंय, खाली रस्सा, त्याच्या खाली शेव. मेव्हण्याने वाटीवर मशीन धरलं, आकडा बघितला तर जवळजवळ सगळं फॅट. मग मोठ्या ताईने डावाने ढवळून दिलं, परत धरलं, दुसराच आकडा. शेव फुगल्यावर तिसराच. तपासणीवाले भाऊ काही मिलिमीटर म्हणतायत ते आम्ही डोळ्याने बघितलंय, ते मशीन तर्रीच्या खाली उतरलंच नाही.
आणि आधी ॲपमध्ये पदार्थाचा प्रकार निवडायला लागायचा. फळ, चीज, मांस, ब्रेड असं काहीबाही होतं. फौजदारी डाळ कशात टाकायची यावर अर्धा तास वाद.

भो_जळगावकर
फौजदारी डाळ मांसात टाका, तिखटाने तेवढाच घाम निघतो.

बालविभाग_नंदुरबार
मी लहान मुलांची डॉक्टर आहे. रेवाताई, आकड्यात सांगते म्हणजे डोक्यात राहील. शेंगदाण्यात साधारण पाव भाग प्रोटीन असतं आणि ॲलर्जी त्या प्रोटीनची असते. शंभर ग्रॅम भाजीत शेकडा एक म्हणजे एक ग्रॅम कूट पडलं तर त्यात जवळपास २५० मिलिग्रॅम प्रोटीन आलं. काही मुलांना काही मिलिग्रॅमवरसुद्धा त्रास सुरू होतो, अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या, धाप. म्हणजे भाऊ सांगतायत ते मशीन जिथे जेमतेम बघायला लागतं तिथे मुलासाठी धोका केव्हाच होऊन गेलेला असतो. आणि मशीनने काही दाखवलं नाही की आई बिनधास्त घास भरवणार, मला भीती त्याचीच वाटते.

शहाद्याचा_दादा
सगळे मिळून मशीनला झोडपताय पण मला हे पटत नाही. हे तंत्र काही कालचं खेळणं नाहीये. अमेरिकेच्या शेती खात्यात कार्ल नॉरिस नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी १९६० च्या दशकात धान्यातला ओलावा मोजायला हा प्रकाश वापरला, त्यातूनच पुढे सगळं उभं राहिलं. आज मोठमोठ्या गिरण्या गव्हाचं प्रोटीन याच पद्धतीने काही सेकंदांत बघतात. २०१४ मध्ये कन्झ्युमर फिजिक्स या इस्रायली कंपनीच्या सायो नावाच्या खिशातल्या स्कॅनरसाठी लोकांनी किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून पैसे उभे करायच्या साइटवर, २७ लाख डॉलरच्या वर पैसे दिले. युरोपियन युनियनने तर असल्या फूड स्कॅनरसाठी १० लाख युरोचं बक्षीस लावलेलं, फिनलंडच्या स्पेक्ट्रल एंजिन्सला पहिलं मिळालं ८ लाखांचं, सायो आणि टेलस्पेकला एकेक लाख. इतके लोक वेडे आहेत का? आज महाग आहे उद्या स्वस्त होईल, मोबाइलसारखं.

तपासणीवाला
दादा, मी तंत्राला खोटं म्हणत नाहीये, मी रोज वापरतो. लॅबमधलं मशीन आणि खिशातलं यात फरक पट्ट्याचा आहे, म्हणजे प्रकाशाचा केवढा भाग मशीनला दिसतो त्याचा. आमचं मशीन प्रकाशाचा लांब पट्टा बघतं. सायोचा पट्टा ७४० ते १०७० नॅनोमीटर, कारण तेवढ्यासाठी कॅमेऱ्यातला स्वस्त सेन्सर चालतो, त्याच्या पुढे गेलं की महागडा सेन्सर लागतो. त्या छोट्या पट्ट्यात पाणी, तेल, साखर यांच्या खुणा दिसतात पण पुसट आणि एकमेकांवर चढलेल्या. एकसारखा माल असेल, दळलेला मका, दूध, गहू, तर चांगलं काम होतं. गिरणीवाला रोज एकच गहू बघतो. पंगतीत सतरा जिन्नस एका ताटात असतात.

दूधवाले_आप्पा
मंडळी, आम्ही दूध घालणाऱ्यांना मशीनचं शिकवू नका, आमचा दिवसच मशीनवर उजाडतो. सेंटरवर गेलं की चमचाभर दूध मशीनला, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) स्क्रीनवर, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ धरून दर, खाली आलं की कापलं. आमच्या सेंटरचं मशीन ध्वनिलहरीवर चालतं म्हणे, प्रकाशावर नाही, पण गोष्ट एकच. ते फॅट सांगतं, दूध चांगलं की वाईट हे सांगत नाही. पाणी घालून वर काही मिसळून एसएनएफ भरून काढलं की मशीन गप.
आमच्या गावात मशीन रोज सकाळी पाण्याने धुवून मगच सुरू करायचं असा नियम आम्ही करून घेतला, कारण आदल्या दिवशीचं दूध नळीत सुकलं की आकडा हलतो. सेंटरवाला आधी कुरकुरला. आता तोच सगळ्यांसमोर धुतो.

तपासणीवाला
आप्पा लाखातलं बोललात. २००८ मध्ये चीनमध्ये दुधाच्या पावडरीत मेलामाइन नावाचं कारखान्यातलं रसायन घातलं होतं ते याचंच उदाहरण. प्रोटीन मोजायची जुनी पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीन धरते. मेलामाइनमध्ये वजनाच्या ६६ टक्के नायट्रोजन असतो, मग पाणी घातलेलं दूध कागदावर चांगलं दिसायला लागलं. सहा बाळं गेली, तीन लाखांच्या आसपास मुलं आजारी पडली. मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याला जे विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

मिरचीवाली_नंदुरबार
विषय निघालाच आहे तर मी मिरचीचं सांगते, आमची पथारी आहे. हिवाळ्यात गावाबाहेर मैदानभर लाल मिरची पसरलेली असते, बायका दिवसभर वेचतात, देठ काढतात. अवकाळी पाऊस आला की सगळ्यांची झोप उडते, भिजलेल्या मिरचीत बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आलं आणि माल परत. ते मोजतात अब्जात इतके भाग असं, आमच्या मालाचा नमुना लॅबला जातो, दिवस लागतात, तोवर माल अडकून. कोणी हातात धरायचं खात्रीचं मशीन काढलं तर मी आज घेईन.
आणि रंगाचं. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये सुदान रंग सापडला तिखटात, ४०० च्या वर पदार्थ दुकानांतून काढायला लागले, आणि ते तिखट भारतातून गेलेलं. अजून बाहेरचा गिऱ्हाईक पहिला प्रश्न रंगाचाच विचारतो. दहा जण घाम गाळतात आणि एक जण रंग मारतो.

सावदेकर
ताई, तिखट ग्लासातल्या पाण्यावर टाकून बघायचं ना? रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर भेसळ. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या डार्ट पुस्तिकेत आहे, मी घरी करतो.

मिरचीवाली_नंदुरबार
दादा, ते पाण्यात विरघळणाऱ्या रंगाला चालतं. सुदान तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ग्लास स्वच्छ दिसेल आणि रंग तिखटातच राहील. घरी करता ते चांगलंच आहे, सोडू नका, फक्त त्यावर निर्धास्त होऊ नका.

सावदेकर
हे माहीत नव्हतं. बरं केळीचं कोणी सांगेल का, कार्बाइडने पिकवलेली केळी स्कॅनर ओळखेल का? आमचा माल चांगला जातो, रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीनवर पिकतो, त्याला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत १०० भाग. पण शहरात कोपऱ्यावर कोणीतरी पुडी ठेवून पिकवतो आणि नाव आमच्या केळीचं खराब होतं.

तपासणीवाला
ओळखणार नाही भाऊ. कार्बाइडवर बंदी आहे ती त्यातल्या आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या अंशामुळे, आणि ते इतक्या बारीक प्रमाणात की या प्रकाशाला दिसत नाही. फळांसाठी हा प्रकाश चांगला आहे तो गोडी आणि सुका भाग बघायला, आंब्यात तर तोडणी कधी करायची ते यावर ठरवतात. केळीची साल जाड, तिथे आणखी अडचण.

पिंपळनेरना_पोऱ्या
आमना गावमा कोनले मशीन लागस नही भो, मन्ही माय नुसती भाजीना वास लिसन सांगी देस की तेल कोनता घानाना शे 😀

कपाशीमका_चोपडा
मला एक सांगा, सगळे खाण्याचं बोलताय, आम्ही विकणाऱ्यांचं कोण बोलणार? मका घेऊन बाजारात गेलो, व्यापाऱ्याने मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, म्हणे ओलावा १७. घरून निघताना मुलाने मापलेला, १४ होता. कोणत्या बाजारात ते लिहीत नाही. कपाशीचंही तेच, सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, ८ टक्के ओलावा चालतो, १२ पर्यंत कापून घेतात, त्यापुढे घेतच नाहीत. म्हणजे एका आकड्यावर आमचं वर्ष. आणि आकडा कोणाचा तर घेणाऱ्याचा. खिशातला स्कॅनर शहरातल्या माणसाला कॅलरी मोजायला हवा असेल, मला तो माझ्या हातात असावा यासाठी हवा. शहाद्याच्या दादांशी मी सहमत आहे, हे स्वस्त व्हायला पाहिजे.

शहाद्याचा_दादा
हेच मी म्हणत होतो! गावाच्या उत्पादक कंपनीने एक चांगलं मशीन घेऊन ठेवायचं. मका, गहू, सोयाबीन, हरभरा, एकसारखा माल आहे, इथे हा प्रकाश चालतो, तपासणीवाले भाऊ पण नाही म्हणणार नाहीत.

तपासणीवाला
अजिबात नाही म्हणत. पण आपल्या वाणाच्या नमुन्यांवर मशीन बसवून घ्यायला लागेल. त्याची खरी कसोटी भट्टीत आहे: नमुना तोलायचा, भट्टीत सुकवायचा, परत तोलायचा, वजन जितकं घटलं तितकं पाणी. सगळी ओलाव्याची मशीनं शेवटी या तराजूला बांधलेली आहेत. बाजारातली बरीचशी मशीनं विजेच्या गुणधर्मावरून ओलावा काढतात, त्यात दाणा गरम असला, फुटका असला, वाण बदललं तरी आकडा सरकतो. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही.

कपाशीमका_चोपडा
प्रत्येक वेळी नसेल. पण सरकतो तेव्हा तो आमच्याच बाजूने कधी सरकत नाही.

दूधवाले_आप्पा
👆 याच्यावर सही.

रेवा_धुळे
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचून काढलं. दिरांना नको म्हणून कळवलं. ते म्हणाले दुसऱ्या प्रकारचं मिळतं, त्यात पदार्थाचा छोटा तुकडा डबीत टाकायचा, प्रकाश नाही, ॲंटीबॉडीवर चालतं. ते कसं?

तपासणीवाला
ते वेगळं, आणि ॲलर्जीसाठी तत्त्व बरोबर तेच आहे. अमेरिकेत नीमा नावाचं निघालं, आधी ग्लूटेनसाठी (गव्हातलं प्रोटीन), २० पीपीएमपर्यंतचं ओळखायला, मग शेंगदाण्यासाठी २०१८ मध्ये. वाटाण्याएवढा तुकडा एकदाच वापरायच्या कॅप्सूलमध्ये घालायचा, आतली ॲंटीबॉडी दाण्याच्या प्रोटीनला चिकटते. म्हणजे हे शेकड्यात नाही, दहा लाखांत काही भाग बघतं. पण प्रत्येक घासाला एक कॅप्सूल, ती बाहेरून मागवायची, आणि मुख्य म्हणजे जो तुकडा डबीत गेला त्याचंच उत्तर मिळतं. भरताच्या एका चमच्यात दाणा नाही आणि शेजारच्या चमच्यात आहे, असं तर नेहमीच होणार.

बालविभाग_नंदुरबार
रेवाताई, त्या पैशात आधी हे करा. ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनबद्दल तुमच्या डॉक्टरांशी सविस्तर बोला, किती, कुठे, कोण देणार, शाळेत कोणाकडे. धाप लागली किंवा गळा सुजला तर पहिलं औषध तेच, खाजेची गोळी देऊन वाट बघायची नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. हे कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि वर्गशिक्षिका, मामा, आजी सगळ्यांना एकेक प्रत द्या.
पाकीटबंद पदार्थावर शेंगदाणा असेल तर तो लेबलवर लिहिणं बंधनकारक आहे, ते वाचायची सवय मुलालाही लावा. सुट्या मालावर लेबल नसतं, तिथे विचारल्याशिवाय घेऊ नका.

खापरावरची_मांडेवाली
मी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते, माझ्या बाजूने सांगते. ताई, आचाऱ्याला "यात दाणे आहेत का" असं विचारू नका, तो नाही म्हणेल आणि त्याच्या मते ते खरंच असेल, कारण त्याने कूट टाकलेलं नाही. "तेल कोणतं, शेव कशात तळली, वाटण कशात केलं, हा डाव आधी कशात होता" असं विचारा. भरताची गोष्ट घ्या. कोणी म्हणेल मुलासाठी बिनदाण्याचं काढून ठेवू. पण वांगी ठेचतो लाकडी बडगीत, वर्षानुवर्षं त्याच बडगीत दाणे-मिरची-लसूण ठेचलेलं असतं, लाकडाच्या रेषांत तेलकट काळं बसलेलं असतं ते घासून जात नाही. मी एका घरी अशाच लेकरासाठी भरीत केलं तेव्हा वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली पण ठेचली स्टीलच्या पातेलीत डावाने, फोडणीला पाकिटातलं सूर्यफुलाचं तेल. पोरगं पोटभर जेवलं.
घाण्याच्या तेलाचंही तसंच. करडईचं म्हणून आणता, पण घाण्यावर सकाळी शेंगदाणा निघालेला असतो.

बालविभाग_नंदुरबार
ताई किती मोलाचं लिहिलंत! तेलाबद्दल एक जोडते, खूप शुद्ध केलेल्या रिफाइंड दाणा तेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. बाकी कुठलं तेल ताकदीचं हा वाद वेगळा, पण या मुलासाठी घाण्याचं तेल धोक्याचं.

रेवा_धुळे
बडगीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासरी तीच बडगी आहे, आजेसासूंची. विचारायच्या प्रश्नांची यादी आजच वहीत उतरवते, मामाला पण पाठवते. खापरावरच्या ताई, वैशाखात आमच्याकडे मुंज आहे, तुम्हाला व्यनि करते.

सावदेकर
पोराला सांभाळा ताई. केळी मात्र बिनधास्त द्या, आमच्याकडची 🙂

कपाशीमका_चोपडा
तपासणीवाले भाऊ, ओलाव्याचं एक. आम्ही सात-आठ शेतकरी ठरवतोय की एकाच पोत्यातला मका तीन ठिकाणी मापून बघायचा, गावातलं मशीन, बाजारातलं आणि तुमच्यासारखी भट्टी. नमुना कसा आणायचा?

तपासणीवाला
पोत्याच्या वरचा मका घेऊ नका, वर, मधून आणि तळातून बंबीने (पोत्यात खुपसायच्या नळीने) काढा, सगळा एकत्र करा, मग त्याचे तीन भाग. पिशवी चालणार नाही, घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि काठोकाठ भरा, मोकळी जागा राहिली की ओलावा हवेत जातो. उन्हात गाडीवर ठेवू नका. डब्यावर वाण, तारीख, वेळ लिहा आणि तिन्ही ठिकाणी त्याच दिवशी मापून घ्या. दाणा थंड होऊ द्या मगच मशीनमध्ये टाका. आणि बाजारात मापताना स्क्रीनचा फोटो घ्या.

कपाशीमका_चोपडा
फोटो काढू देतील का हा प्रश्न आहे. आठ जण बरोबर असलो तर देतील. आकडे आले की इथेच टाकतो.